कमरेत दोन इंच

५ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझ्या कामाच्या तिन्ही पँट मिळाल्या. सोबत चिठ्ठी काय, तर ‘आई, कमरेत जरा घे.’ जरा म्हणजे किती ते लिहायचं नाही. पट्ट्याची जुनी घडी कुठे पडली आहे आणि नवी कुठे, ते बघून मीच माप काढलं. दोन इंच. मागच्या थंडीतही हीच पँट मी कमरेत घेतली होती. तू क्रेन चालवतेस का स्वतःला क्रेनला टांगून घेतेस?

शिवणाच्या दुकानात आमच्या मास्तरांनी पँट हातात घेऊन विचारलं, शाळेतल्या कुणा मुलीची का. मी म्हटलं, माझ्या मुलीची आहे, सव्वीस वर्षांची आहे, बंदरावर लोखंड उचलते. ते हसले. मला हसू आलं नाही. राग आला की माझा टाका वाकडा जातो, त्यामुळे एक पँट उसवून परत शिवावी लागली.

फोन करत नाही. फोनवर तू दोन वाक्यांत तिसरीकडेच जातेस आणि मी ओरडते. कागदावर ओरडलं तर शेजारी ऐकू जात नाही. माझं शिक्षण तुला माहीत आहे, चार यत्ता आणि बाकी सगळी शिवण. चुका काढू नकोस.

सरळ विचारते. गोळी वाढवलीस का? तिसरीत असल्यापासून ती घेतेस. एडीएचडी म्हणून दिली, लक्ष लागायला. घेतली की तू जागेवर बसायचीस आणि ताटावरून उठायचीस. डबा गेला तसा परत यायचा. प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावायचे तेव्हा तू आधी मधे असायचीस, मग दर वर्षी एकेक पुढे सरकत गेलीस, आणि शेवटी बाईंच्या साडीला नाक लागेल अशी पहिली. मला वाटायचं, शाळा संपली की गोळी संपेल. शाळा संपली, ट्रेनिंग संपलं, नोकरी लागली. गोळी आहेच.

तुमची दर वर्षीची तब्येतीची तपासणी याच महिन्यात असते ना? काय झालं ते लिही. ‘सगळं ठीक’ लिहिलंस तर पुढची पँट तिथल्या शिंप्याकडे दे.

आई

—

१४ फेब्रुवारी

आई,

सगळं ठीक.

हे तुला चिडवायला लिहिलं. पुढे वाच.

हो, वाढवली. मागच्या वर्षी दुहेरी पाळ्या लागल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच वाढवून दिली, मी मनाने नाही. आणि कामाला ती लागू पडते. तुला एकदा वर न्यायला हवं. केबिनच्या तळाला काच आहे. पायाखाली सरळ जहाजाचं पोट दिसतं. खाली जो इशारे देतो त्याला आम्ही शिट्टी म्हणतो, कारण त्याची शिट्टी कधीच वाजत नाही, तो नुसते हात करतो. त्याचे दोन हात आणि माझ्या क्रेनचा आकडा, दिवसभर एवढंच जग. तिथे गेल्यावर मला भूक आठवत नाही. संध्याकाळी डबा उघडते तेव्हा पावाला घाम आलेला असतो.

तपासणी झाली. यंत्राने प्रेशर मोजलं, मग तिथल्या माणसाने हाताने मोजलं, मग मला पाणी पिऊन बसायला सांगितलं आणि परत मोजलं. जास्त आहे. माझ्या वयाला असायला नको एवढं. छातीचे ठोकेही पळतात. गोळीमुळे असेल म्हणाले. दीड महिन्याने परत बोलावलं आहे. तेव्हाही तसंच निघालं तर मला क्रेनवरून उतरवतील.

मला खाली यायचं नाही, आई. माझ्या आयुष्यात ही पहिली जागा आहे जिथे ‘इकडे बघ’ असं मला कुणी म्हणत नाही. मी बघतच असते.

एक विचारू? पहिल्यांदा गोळी दिली तेव्हा डॉक्टरांनी पुढचं काय सांगितलं होतं? म्हणजे एवढी वर्षं घेतली तर मोठेपणी अंगावर काय होतं, असं काही? आठवून लिही.

भिंगरी

—

२ मार्च

भिंगरे,

आठवून काय लिहू? त्यांनी काही सांगितलंच नव्हतं. म्हणून मी त्यांच्याकडेच गेले.

दवाखाना आता त्यांच्या मुलाचा आहे, काचेचा दरवाजा, आत गारठा. म्हातारे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून असतात, जुने पेशंट आले की गप्पा मारायला. मला ओळखलं. तुझं नाव घेतलं तेव्हा म्हणाले, ती पडद्याला लोंबकळणारी. मग मी बसले आणि विचारलं, ती अजून गोळी घेते, प्रेशर वाढलं आहे, वजन उतरतं आहे, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?

त्यांनी काही लपवलं नाही, तेवढं कबूल करते. भूक मरते, झोप उडते, नाडी जरा जोरात चालते, उंची थोडी मागे राहू शकते, एवढं तेव्हाही माहीत होतं म्हणाले. आणि पुढचं? तर म्हणे या गोळ्या मुलांना देऊन बघितल्या त्या वर्ष-दोन वर्षं. सतरा-अठरा वर्षं रोज घेणाऱ्यांवर कुणी एवढी नजर ठेवलीच नव्हती. आता कुठे बघायला लागलेत. हृदयावर थोडा भार पडतो असं काही जणांत दिसतं, बऱ्याच जणांत काही दिसत नाही, तुमची मुलगी कुठल्या जणांत ते मी खुर्चीत बसून सांगू शकत नाही.

मी म्हटलं, मग हे आम्हाला का नाही सांगितलं?

ते म्हणाले, “बाई, तुम्ही आलात तेव्हा शाळा तिला काढून टाकत होती. तुम्ही विचारलं होतं, उद्या सकाळी ही वर्गात बसेल का. मी त्याचं उत्तर दिलं.”

मला एवढा संताप आला की उठून उभी राहिले. पण विचारलं मी तेच होतं. बाहेर आले आणि रस्त्यात उभी राहून त्या काचेच्या दरवाजाकडे बघत बसले. कुणाशी भांडायचं तेच कळेना. माणूस खोटं बोलला असता तर किती सोपं झालं असतं.

एक आधीच सांगून ठेवते. तू आता मनात म्हणशील, आईने मला गोळीवर घातलं. हो, घातलं. तू खिडकीतून छपरावर गेली होतीस. भर रस्त्यात माझा हात सोडून गाडीसमोर पळाली होतीस, कारण समोरच्या फुटपाथवर फुगा होता. तुझे बाबा तर तेव्हा नुसते वर्तमानपत्र उलटत होते. गोळी सुरू झाली आणि तू वाचायला शिकलीस. मी त्याची माफी मागणार नाही. तशी वाट बघत असशील तर बघू नकोस.

म्हाताऱ्यांनी एक बजावून सांगितलं ते लिहिते. मनाने गोळी कमी-जास्त करायची नाही, बंदही करायची नाही. तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं, प्रेशरचा कागद दाखवायचा, त्या ठरवतील. जा. कामाची सबब सांगू नकोस.

आई

—

१९ मार्च

आई,

मी आठवायला सांगितलं होतं, जायला नाही. माझी तब्येत म्हणजे काय तुझं गिऱ्हाईक आहे, टेप घेऊन दारात जायला? त्या म्हाताऱ्यांना मी अजून पडद्याला लोंबकळणारीच वाटते.

तू माफी मागावीस असं मी कधी म्हटलं? तूच लिहितेस आणि तूच भांडतेस. मला एवढंच वाटतं की माझ्यातलं माझं किती आणि गोळीचं किती, हे मला कधीच कळलं नाही. शिडी चढताना छाती धडधडते तेव्हा मी घाबरले आहे का गोळी धडधडते आहे, तेही कळत नाही. कुणाला विचारावं तर जो तो दुसऱ्याकडे पाठवतो.

खोलीतली माझी सोबतीण नर्स आहे, ती रोज प्रेशर मोजते. काळजी करू नकोस. आता काही दिवस मला लिहू नकोस. तपासणी होऊ दे.

भिंगरी

—

२१ मे

भिंगरे,

लिहू नको म्हणालीस म्हणून नाही लिहिलं. माझ्या आयुष्यात मी एवढी गप्प कधी बसले नव्हते, तुझ्या बाबांना विचार. त्यांना आधी बरं वाटलं, मग आठवडाभराने तेच म्हणाले, भांड एकदा तिच्याशी, घर सुनं लागतं.

आणि आज तुझं पार्सल. पत्र नाही, नुसती चिठ्ठी. ‘कमरेत सोड. जेवढं सोडता येईल तेवढं.’

मी ती चिठ्ठी मास्तरांना दाखवली. दुकानात आलेल्या बाईलाही दाखवली, जिची माझी ओळख नाही. पट्टा बघितला तर दोन भोकं पुढे सरकला आहे. मांडीवर शिवण ताणून पांढरी पडली आहे. अग, एवढी ताणलेली शिवण बघून कुणाला आनंद होतो का? मला झाला.

बरं तर बरं, घेताना मी माया कापली नव्हती. मास्तर नेहमी कटकट करतात, जादाचं कापड आत ठेवू नका, शिवण जाड होते, गिऱ्हाइकाला टोचतं. मी म्हणते टोचू दे. आतलं कापड एकदा कापलं की माणूस वाढला तरी कपडा वाढत नाही. तर ती सगळी माया सोडली. जेवढे घेतले तेवढे दोन इंच परत दिले. वर एक नवी पँट शिवली आहे, तिच्यात आणखी वाढायला जागा आहे. लाजू नकोस, वाढ.

म्हणजे डॉक्टरीणबाईंनी गोळी कमी केली वाटतं. शेवटी गेलीस तर. तपासणीही पार पडली असणार, नाहीतर कामाची पँट कशाला पाठवली असतीस. बघ, डॉक्टरकडे वेळेवर गेलं की होतं सगळं नीट. उगाच एवढे दिवस दोघींनी तोंड फिरवून घालवले.

आता नीट पत्र लिही. काय खातेस ते लिही. मला सगळं वाचायचं आहे, अंडी किती उकडलीस तेसुद्धा.

आई

—

८ जून

आई,

तुझं पत्र शर्टाच्या खिशात घेऊन हिंडते आहे. परवापासून तुला लिहायचं म्हणते आणि दर वेळी दुसरंच काहीतरी करायला लागते. कपडे भिजवले, मग खिडकी पुसली, मग अर्धी खिडकी पुसून खाली दुकानात गेले. भिजवलेले कपडे अजून तसेच आहेत. आता नर्सबाईने दाराला कडी लावून मला टेबलाशी बसवलं आहे.

गोळी कमी नाही केली. बंद केली. डॉक्टरीणबाईंकडे गेले नाही. तुला शेवटचं पत्र टाकलं त्याच आठवड्यात मीच बंद केली, तपासणीसाठी. आणि तपासणी पार पडली. प्रेशर खाली आलं, ठोकेही शांत. तिथल्या माणसाने माझ्या खांद्यावर थाप मारली. मग भूक लागली. आई, मला भूक म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. पोटातून आवाज येतो. मी पावाची लादी उभ्याने खाल्ली. एवढी वर्षं आपण काय गमावलं, असं वाटून मला तिथेच रडू आलं. तुला तेव्हाच लिहायला हवं होतं.

पण मग वर केबिनमध्ये.

पहिले काही दिवस बरे गेले. मग मला सगळंच दिसायला लागलं. जहाजाच्या रंगाचे पोपडे. क्रेनच्या दांड्यावर बसलेले पक्षी. शिट्टीचा हात दिसायचा, पण बाकी सगळ्यासारखाच एक. मागच्या आठवड्यात आकड्याला लोखंडी नळ्यांचा जुडगा होता. शिट्टीने थांब म्हणून मूठ वर केली. मी मूठ बघितली. त्याच्या हातमोज्याला भोक होतं, आणि त्यातून अंगठा बाहेर आला होता, आणि मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले. जुडगा झोका घेत पुढे गेला आणि खाली उभ्या ट्रकच्या टपावर आपटला. टप आत बसला, बसायच्या जागेपर्यंत. ड्रायव्हर चहाला गेला होता.

चहाला गेला नसता तर, एवढंच डोक्यात फिरतं.

फोरमनने, आम्ही त्याला लंबू म्हणतो, सगळं वाऱ्यावर ढकललं. वारा होता थोडा. त्याने तसं लिहून टाकलं आणि मला म्हणाला, होतं असं. गोळीचं मी त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी परत वर गेले. आजही गेले होते.

परत गोळी सुरू केली तर प्रेशर वाढणार, आणि आता मोजलं तर उतरवणार. नाही घेतली तर हे असं. काय कर ते मला सांगू नकोस. मला माहीत आहे. माहीत असून होत नाही, हाच तर माझा आजार आहे.

भिंगरी

—

१२ जून

भिंगरे,

खाली उतर.

पत्र हातात पडेल तेव्हा जिथे असशील तिथून. वर असलीस तर शिडीने उतर आणि परत चढू नकोस. फोन केला, उचलत नाहीस. म्हणून हे जलद टपालाने पाठवते आहे.

काय कर ते सांगू नकोस म्हणतेस. सांगणार. तू माझ्यापासून लपवलंस त्याचं मी नंतर बघते. डॉक्टरला न विचारता बंद केलीस, त्याचंही नंतर. आधी त्या माणसाचं. ज्याचा टप चेपला त्याच्या घरी कुणीतरी त्या दिवशी त्याचा शर्ट धुतला असेल आणि दोरीवर टाकला असेल. तो संध्याकाळी घरी आला म्हणून तिला काही कळलंसुद्धा नाही. उद्या नाही आला तर ती काय वाऱ्याला विचारणार आहे?

आणि मी इथे काय करत होते? तुझी पँट सोडून दुकानात ओळख नसलेल्या बायांना दाखवत होते. पोरगी खायला लागली, पोरगी खायला लागली. माझ्या कपाळाला हात लावायचा राहिला आहे. गोळी घेतलीस तर तुझ्या जिवाची काळजी, नाही घेतलीस तर दुसऱ्याच्या. मधे कुठे जागाच ठेवलेली नाही कुणी. मला हे सगळं तोडून फेकावंसं वाटतं. पण काय तोडू? माझ्या हातात कात्री आहे आणि कापायला काही नाही.

तरी ऐक. माहीत असून होत नाही म्हणतेस. बरं. मग तू नको करू, मी करते. मी आज तुझ्या फोरमनलाही पत्र लिहून ठेवलं आहे. त्याला लंबू म्हटलेलं नाही, ‘साहेब’ म्हटलं आहे. सगळं लिहिलं आहे, गोळीचं, बंद केल्याचं, अंगठ्याचं. पाकीट मशीनच्या खणात आहे. रविवारपर्यंत तू त्याला स्वतः सांगितलंस तर ते पाकीट मी चुलीत घालीन. नाही सांगितलंस तर सोमवारी सकाळी दुकानात जायच्या आधी पेटीत टाकते. मग तू माझ्याशी जन्मभर बोलू नकोस. मला ते चालेल.

तुझे बाबा म्हणाले, एवढं कडक लिहू नकोस. मी म्हटलं, तुम्ही लिहा मग मऊ. त्यांनी पेन घेतलं आणि खाली एवढंच लिहिलं आहे.

बाळ, आईचं ऐक. तुझे बाबा.

—

२० जुलै

आई,

मी सांगून टाकलं हे बाबांना फोनवर कळवलं, तेव्हा तू पाकीट टाकलं नाहीस हे त्यांच्याकडून समजलं. तू फोनवर येत नाहीस, म्हणून हे पत्र. नवल म्हणजे आता तू गप्प आहेस आणि मी बोलते आहे.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि शिडी चढायला लागले. हो, चढले. तुझं पत्र खिशात होतं तरी. अर्ध्यावर गेल्यावर खाली बघितलं तर शिट्टी हात करत होता, चल चल, वर जा म्हणून. हातमोजा तोच. मी तिथूनच उतरले आणि सरळ लंबूच्या खोलीत गेले.

तो चिडला, कारण वाऱ्याचं नाव त्याने स्वतः घातलं होतं, आता तेही बदलावं लागणार. डोकं धरून बसला. मग म्हणाला, “गोळी घेतलीस तर तू पडणार, नाही घेतलीस तर दुसरा मरणार. मी तुला ठेवू कुठे, सांग ना?” वाईट माणूस नाही तो. त्याचा प्रश्न बरोबरच होता. माझाही तोच आहे.

क्रेन गेली. सध्या तरी. काही महिन्यांनी परत बघू म्हणाले, लिहून काही दिलेलं नाही.

बाईंकडे गेले. त्या ओरडल्या नाहीत, त्याचं जास्त लागलं. हृदयाचा आलेख काढला, तो ठीक आहे. गोळी परत सुरू केली आहे, पण आधीपेक्षा बरीच कमी. सोबत दुसरं एक औषध देऊन बघायचं आहे, ते या जातीचं नाही, हळूहळू चढतं, आठवडे लागतात, आणि चढेलच असं नाही. रोज सकाळी चहाच्या आधी प्रेशर मोजायचं. जरा वर आहे, पण आधीसारखं नाही. दुपारी थोडं खाते. लक्ष कधी लागतं, कधी नाही. मी अर्धी-अर्धी आहे, असं वाटतं.

त्यांना मीही विचारलं, पुढे काय? वीस वर्षांनी? त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही. जे म्हणतात माहीत आहे, त्यांच्याकडे जाऊ नका.” मला त्यांचा राग आला. बाहेर येऊन बसस्टॉपवरच्या खांबाला लाथ मारली, पाय अजून दुखतो.

आता मी खाली असते. जुडगे बांधायचे, साखळी घालायची, बाजूला व्हायचं. माझी प्रत्येक बांधणी शिट्टी परत ओढून बघतो, पोराटोराची बघावी तशी. मान वर करून दिवसभर माझ्याच केबिनकडे बघते. दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं तिथे.

आता खरं विचारायचं ते. समजा नवीन औषध चढलं नाही. आणि बाई म्हणाल्या, गोळी थोडी वाढवू, वर प्रेशरचं औषध देऊ, तसं करून क्रेनवर जाता येईल, धोका थोडा आहे तो तुमचा तुम्ही ठरवा. तर जाऊ का? तू नाही म्हणालीस तर नाही जाणार. शपथ. तू सांग.

भिंगरी

—

२७ जुलै

भिंगरे,

नाही सांगणार.

तुला वाटेल, आई रुसली आहे. रुसले आहेच, ते वेगळं. फोनवर येत नाही कारण तुझा आवाज ऐकला की मी सगळं माफ करून टाकीन आणि मला अजून काही दिवस चिडायचं आहे. पण सांगणार नाही ते त्यामुळे नाही.

तू तिसरीत होतीस तेव्हा मी ठरवलं. तुझ्या वतीने ठरवायला तू तेव्हा नव्हतीस, म्हणजे होतीस, पण पडद्याला लोंबकळत होतीस. तेव्हा ठरवलं ते आज परत विचारलं तरी तेच ठरवीन, आणि तरीही मला रोज सकाळी मशीनवर बसताना तुझी ती प्रार्थनेची रांग दिसते. दोन्ही खरं आहे. असं दोन्ही घेऊन जगायला लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता तुझी तू आहेस. तुझी छाती, तुझी गोळी, तुझी क्रेन. मी हो म्हटलं आणि तुला काही झालं तर मी जगणार नाही. मी नाही म्हटलं तर तू आयुष्यभर मान वर करून ती केबिन बघत बसशील आणि माझ्या नावाने बोटं मोडशील. मला दोन्ही नको. एवढी मी शहाणी झाले आहे, फार नाही.

पण मला विचारू नकोस म्हणजे मला कळवू नकोस असं नाही. प्रेशर कळव. रोजचं नको, मी वेडी होईन. आठवड्याचं कळव. बाईंना विचारल्याशिवाय एक गोळी इकडची तिकडे करायची नाही. आणि परत कधी काही बंद केलंस तर ते मला पँटीवरून कळता कामा नये.

त्या बाई माहीत नाही म्हणाल्या, तू खांबाला लाथ मारलीस. मी त्यांना बघितलेलं नाही, पण त्यांच्याकडेच जात जा. आपल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना मी हे सांगायला परत गेले होते. म्हटलं, आमची अजून घेते आहे, कमी घेते आहे, तुम्हाला कुणी विचारलं की एवढी वर्षं घेणाऱ्यांचं काय होतं, तर आमचं सांगा, निदान एक तरी तुमच्या ओळखीची असू दे. त्यांनी मुलाला हाक मारून ते कॉम्प्युटरवर लिहून घ्यायला लावलं. मुलाने लिहिलं. चेहरा वाकडा करून का होईना.

अर्धी-अर्धी आहेस म्हणतेस. मला आठवतं त्यात तू पूर्ण कधीच नव्हतीस. गोळीआधी सगळीकडे होतीस, गोळीनंतर एकाच ठिकाणी. अर्धी असलीस तर निदान दुपारी जेवतेस.

आता माझं एक. तुझं पत्र मी दोनदा वाचलं तेव्हा ते ध्यानात आलं, आणि तेव्हापासून शिवण सुचत नाही. पूर्वी तू वर होतीस म्हणून मला घोर होता. आता तू खाली उभी असतेस. त्या नळ्यांच्या खाली. वर कोण बसतो ते तू लिहिलेलं नाहीस. कोण आहे तो? रात्रीचा झोपतो का? सकाळी काही खाऊन येतो का? कुठली गोळी घेतो, आणि घेत असला तर आज घेतली का, हे त्याला कुणी विचारतं का?

कुणी विचारत नसलं तर तू विचार. रोज, तो शिडी चढायच्या आधी. चिडला तर म्हणावं, खालच्या बाईची आई विचारते आहे.

आई